अप्पांची काळी बिअर

लातूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

अंबू,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. पत्ता शोधावा लागला नाही. दिपालीच्या लेकीला, आपल्या अक्षराला, वाढदिवसाला तू जो फ्रॉक पाठवलास, त्याच्या खोक्यावर होता. तुझी बहीण खोकं टाकून देत होती. मी पत्त्याचा तेवढा चौकोन कापून पर्समध्ये ठेवला. वर्ष झालं त्याला.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज जे बघितलं ते सांगायला मला माणूस नाही. शेजारच्या रेणुकाला सांगावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गंजगोलाईच्या बाजाराला कळेल. दिपालीला सांगावं तर तिच्या सासूला आपल्या घरच्या बातम्यांचं भारी कौतुक. उरलीस तू.

तुझे अप्पा बिअर करतात.

पितात असं म्हणत नाही, ते मला अजून माहीत नाही. करतात. स्वतःच्या हाताने, आपल्या आडतीच्या गोदामात.

झालं असं की पोळ्यापासून दर रविवारी ते सकाळची लिंगपूजा आटोपली की निघायचे. आडत तर बंद. विचारलं की म्हणायचे, सोयाबीनच्या थप्प्या बघून येतो. मला वाटलं, सदुसष्टाव्या वर्षी घरात बसवत नसेल, जाऊ द्यावं. आज बीपीची गोळी घ्यायची विसरून गेले. मी रिक्षा करून मार्केट यार्डात गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले आणि तशीच वाकलेली राहिले.

शेगडीवर दिपालीच्या लग्नात भाताला घेतलेलं स्टीलचं मोठं पातेलं. खाली बसून दगडोबा हमाल गॅस बारीक-मोठा करतोय. आणि तुझे अप्पा बनियनवर, कमरेला पंचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि हातात भलामोठा उलथना. पातेल्यात काळंकुट्ट पाणी, त्यात सोडलेली कापडी पिशवी. अंबू, तो वास मी विसरलेले नाही. लॉकडाऊनमध्ये तू आपल्या वरच्या बाथरूममध्ये जे शिजवत होतीस त्याचाच. भाजलेल्या जवाचा, थोडा करपलेल्या कॉफीचा. तेव्हा मी ती बादली मोरीत ओतली होती आणि तू दोन दिवस जेवली नव्हतीस.

"हे काय करून राहिलाव?" मी ओरडले.

घाबरतील, निदान उलथना लपवतील असं मला वाटलं. कसलं काय! पातेल्यातल्या थर्मामीटरवरची नजरसुद्धा काढली नाही. "दार लाव अगुदर. वारं लागतंय. सदुसष्ट डिग्रीवर आणलंय मरमर करून."

दगडोबा म्हणाला, "अक्का, बसा पोत्यावर. अजून अर्धा तास हाय."

मी बसले. काय करणार? समोर तुझी हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडी पडली होती, तुझ्याच अक्षरातली. बाजूला बिअर आंबवायचं तुझं ते नळ बसवलेलं टप. मी ते माळ्यावर टाकलं होतं, ह्यांना कधी सापडलं कोण जाणे.

लिंगायताचं घर आपलं. कुणाच्या लग्नात दारूचा वास आला तर हा माणूस अक्षता टाकून न जेवता परत येतो. आणि याच माणसाने पाच वर्षांपूर्वी तुला 'बिअरच्या कारखान्यात नोकरी धरलीस तर या घराचा उंबरा चढू नकोस' असं म्हटलं ना? मी फक्त तो निरोप फोनवर दिला. मन दगडाचं करून दिला, तुला आठवत असेल. आता तोच माणूस तुझी वही पुढ्यात घेऊन ढवळत बसलाय. मी कुणाला विचारू?

एक खरं सांग. तुझं आणि अप्पांचं मधल्या काळात काही बोलणं झालंय का? फोनवर, चिठ्ठीने, कुणाच्या हाती? झालं असेल तर मला आधी कळव.

तुझी,
अव्वा


लातूर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

अंबू,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून चालले नव्हतेच, तरी रोज दुपारी पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की गॅलरीत जाते.

आठवडाभर मी या माणसाच्या तोंडाचा वास घेत फिरतेय. या वयात हेही नशिबी यायचं होतं. वास नाही. मग दगडोबाला घरी बोलावून चहा पाजला आणि खोदून विचारलं.

"अक्का, शेठनी एक थेंब व्हटाला लावला न्हाई, तुमच्या पायाची आन. ही चौथी खेप टपात हाय. आदीच्या तिन्ही बी गटारीत वतल्या."

"मग करतात कशाला?"

"म्याबी हेच इच्चारलं. तर म्हनले, दगडोबा, तू पोती उचल."

त्याने सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. तू गेल्यावर मागे राहिलेलं ते मोड आणून वाळवलेल्या जवाचं पोतं आणि काळ्या-तांबड्या दाण्यांच्या लहान पिशव्या ह्यांना आपल्या कोठीत सापडल्या. पोळ्याला बैलांच्या झुली काढायला गेले होते तेव्हा. दाणे हातावर घेतले, एक चावला, आणि तिथेच खाली बसले म्हणे. दुसऱ्या दिवशी वही शोधून काढली. इंग्रजी शब्द अडले की दगडोबाच्या सुनेकडून वाचून घ्यायचे. ती बिचारी समजत होती की शेठ ढोरांच्या पेंडीचा काही नवा प्रकार करतायत.

पहिल्या खेपेला तुझी खमिराची जुनी पुडी घातली, ती मेलेली निघाली. मग दगडोबाच्या नावावर हैद्राबादहून नवी पुडी आणि बिअरला कडूपणा आणणाऱ्या त्या हिरव्या गोळ्या कुरिअरने मागवल्या. तुझ्या पिशवीतला काळा जव संपला तेव्हा बाजारातून साधा जव घेतला आणि फुटाणेवाल्याच्या भट्टीत, वाळूत, स्वतः उभं राहून काळा होईपर्यंत भाजून घेतला. फुटाणेवाला म्हणाला, अप्पा, जळाला की हो. हे म्हणाले, जळू दे, वहीत तसंच लिवलंय. भाद्रपदाच्या उकाड्यात टपाला ओली पोती गुंडाळून रोज दोनदा पाणी मारायला जायचे. आणि मी इकडे सगळ्यांना सांगत होते, ह्यांना सोयाबीनची काळजी लागलीय!

एक गंमत सांगते, हसलीस तर हस. दगडोबाने तिसऱ्या खेपेचे दोन ग्लास गपचूप घेतले आणि दोन दिवस हमालीला आला नाही. लोटा घेऊन पळत होता म्हणे.

काल मीच विषय काढला. म्हटलं, "पीत न्हाई, विकत न्हाई. दारूबंदीवाल्यांनी धरलं तर या वयात बेड्या पडतील. कशासाठी हा उपद्व्याप?"

त्यांनी पंचाला हात पुसले. मग म्हणाले, "फेस येत न्हाई."

"काय?"

"वर दोन बोटं फेस पायजे. रंग बसतोय, बुडबुडे येतात, पण फेस येतो अन् लगेच बसतो. तिनं लिवलंय दोन बोटं. मला तेवढंच तर बघता येतंय."

तुला हे माहीत नसेल. एकवीस साली करोना झाला त्यात ह्यांचं नाक गेलं. आडतीवर बसून वासावरून ज्वारीचं गाव सांगणारा माणूस, आता घरात दूध करपलं तरी कळत नाही. चव घ्यायची तर लिंग गळ्यात आहे. म्हणजे बिअर बरी झाली की वाईट, हे समजायला ह्यांच्याकडे फक्त डोळे. आणि डोळ्यांना दिसणारा तो एक फेस.

मी म्हटलं, "आला फेस तर काय करणार हाव?"

"तिच्याकडं जाणार. सांगणार, बघ, मला बी कळतंय."

मी भाकरी थापत होते. भाकरी परातीतच राहिली.

अंबू, मला यातलं काही समजलं नाही. वय झालं की माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, तसं काहीतरी असणार. तुला एवढीच विनंती, त्यांचा फोन आला तर उचलू नकोस. जुन्या गोष्टी निघतील आणि तुलाच मनस्ताप होईल. मी बघते काय करायचं ते.

अव्वा


नांदेड
रविवार, १४ डिसेंबर २०२५

अंबू,

दिपालीकडे आलेय. अक्षराला खोकला झालाय असं निमित्त सांगून आले, पण खरं म्हणजे मला त्या घरात बसवेना. हे रोज संध्याकाळी काचेचा ग्लास उजेडात धरून बघत बसतात आणि मान हलवून ओतून टाकतात. मला ते बघवत नाही.

आज मी एक कबुली देणार आहे. सकाळी दिपालीची भजी तळलेली कढई घासायला घेतली. बादलीत साबणाचा मस्त फेस आला होता. कढई बुडवली आणि सगळा फेस बघता बघता बसला. मी बघतच राहिले. पुन्हा साबण घातला, पुन्हा चमचाभर तेल टाकलं. पुन्हा बसला. दिपाली म्हणाली, "अव्वा, काय खेळून राहिलीस?"

तू गेलीस तेव्हा तुझं ते जवाचं पोतं मी टाकून देणार होते. पण धान्य उकिरड्यावर टाकायचं नसतं, आणि देऊ कुणाला? ठेवायचं म्हटलं तर कीड लागणार. मग मी वर्षाच्या गव्हाला लावते तसं त्याला चांगलं एरंडेल चोळलं, दोन दिवस सावलीत पसरून ठेवलं आणि कोठीत भरलं. बारक्या पिशव्यांनासुद्धा लावलं. पाच वर्षांत एक किडा नाही, मला त्याचा अभिमान होता! आपल्याकडे कुठली बाई धान्य बिनएरंडेलाचं भरेल, तूच सांग.

आणि ह्यांनी तेच कांडून उकळलं. हाताला तेल लागलं नसेल का? लागलं असेल. परदेशी पद्धतीचा माल, भाजला म्हणून तेल सुटलं असेल असं समजले असतील. नाक शाबूत असतं तर लांबूनच एरंडेल ओळखलं असतं. चार खेपा, चार महिने. फेस माझ्या हाताने मारला आणि हे स्वतःला दोष देत बसलेत. दगडोबा का पळत होता तेही आता कळलं.

हे वाचून तुला हसू येईल म्हणून लिहायला घेतलं होतं. पण दुपारी जे झालं त्याने माझं हसू गेलं. दिपालीला मी एरंडेलाचं सांगितलं. बिअरचंही सांगावं लागलं. ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ते अजून त्याच शब्दात अडकलेत."

"कुठल्या?"

"'तराजूचा माणूस'. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी अप्पा मला बाजूला घेऊन रडले होते. म्हणाले, तुझ्या बहिणीला माझी लाज वाटते. ती म्हणते, अप्पा म्हणजे तराजूचा माणूस, त्यांना माझ्या कामातलं काय कळणार. खरंच हाय तिचं, मला न्हाई कळत. आणि अव्वा, तेव्हापासून मी अंबूवर राग धरून बसलेय."

पत्र इथेच थांबवते. अक्षरा उठली.

अव्वा


नांदेड
सोमवार, १५ डिसेंबर

अंबू,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पस्तावले. पेटीच्या फटीत हात घालून बघितला, पण ते आत पडलं होतं. त्यातलं 'तराजूचा माणूस' वाचून तू म्हणशील, मी हे कधी म्हणाले? तूर्त मला काही विचारू नकोस. दिपालीलाही फोन करू नकोस. लातूरला गेले की लिहिते.


लातूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

अंबिका,

हे पत्र मी तुझ्या अप्पांसमोर बसून लिहितेय. ते पाटावर बसलेत आणि मी लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवावी लागतेय. गाळलं की ते म्हणतात, "ते बी लिही."

महिनाभर लिहिलं नाही, कारण धीर नव्हता. सोळा डिसेंबरला घरी आले आणि एरंडेलाचं सांगितलं. त्यांनी आधी हातातला ग्लास खाली ठेवला. मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाच वर्षांत या घरात असं हसणं झालं नव्हतं. म्हणाले, "म्हंजी माझा हात चुकलेला नव्हता!" दगडोबाला फोन लावून दोनदा सांगितलं. मग सहज, चेष्टेत, मला म्हणाले, "अजून कशाकशाला एरंडेल चोळून ठिवलंस, सांगून टाक आत्ताच."

तो क्षण देवाने माझ्या हातात दिला होता. मी म्हणाले, "काही न्हाई." हे त्यांनी आत्ता मला मुद्दाम लिहायला लावलं.

त्यांनी नवा माल मागवला. गोदाम धुतलं, पातेलं राखेने घासलं, मला जवळ फिरकू दिलं नाही. बाटल्या भरताना, गॅस धरावा म्हणून, प्रत्येकीत निलंग्याच्या गुळाचा पाक मोजून घातला. संक्रांतीला दुपारी एक बाटली घरी घेऊन आले आणि माझ्यासमोर ग्लासात ओतली. काळी, आणि वर दोन बोटं तांबूस फेस. तो बसेना. हे ग्लासाकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे. हळूच म्हणाले, "आता जातो. तिला म्हणतो, बाई, आता लाज वाटायसारखं न्हाई तुझ्या अप्पात. तुझं काम मी हातानं करून बघितलं."

अंबू, तिथे मला राहवलं नाही. मी त्यांचे पाय धरले आणि सांगितलं.

आता तुला सांगते. पाच वर्षांपूर्वी तू मुलाखतीला म्हणून बंगळूरला गेलीस आणि तिथूनच नोकरीचं फोनवर सांगितलंस, तेव्हा अप्पा घरात नव्हते. तुरीच्या सौद्याला उदगीरला गेले होते. त्यांना काही माहीतच नव्हतं. 'उंबरा चढू नकोस' हे ते कधीही म्हणाले नाहीत. ते मी म्हणाले, त्यांच्या नावावर. त्याच आठवड्यात नांदेडहून दिपालीला बघायला येणार होते. घराणं सोवळ्यातलं, रोज बसवण्णांची वचनं म्हणणारं. धाकटी बिअरच्या कारखान्यात आहे असं कळलं तर ते उंबऱ्यातून परत जातील, या भीतीने माझी झोप उडाली होती. मला वाटलं, दोन महिने तू लांब राहा, अक्षता पडू देत, मग मी सगळं निस्तरीन.

पण अप्पा परत आले आणि म्हणाले, "अंबू कुठाय? मी जातो तिला आणायला." ते गेले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मग मी त्यांना सांगितलं की अंबू म्हणते, मला शोधू नका, मला अप्पांची लाज वाटते, तराजूचा माणूस, त्यांना काय कळणार. तू असं काही म्हणाली नव्हतीस. तू तर त्या फोनवर विचारलं होतंस, 'अप्पांना मी स्वतः समजावून सांगू का? त्यांना धान्यातलं कळतं, त्यांना आवडेल.' हे मी पाच वर्षं पोटात ठेवलं. 'तराजूचा माणूस' हा शब्द मला कुठून सुचला ते मला माहीत नाही. खूप लागेल असा शब्द मी शोधत होते, एवढं मात्र खरं आहे. ते गप्प बसावेत म्हणून.

आणि बसले. लग्न झालं. मग सांगायला गेले तर दिपालीला दिवस राहिले. मग करोना, मग बारसं. दर वेळी वाटायचं, आता नको. तू फोन उचलायचीस तोवर विचारायचीस, अप्पा काय म्हणतात? मी म्हणायचे, अजून रागात आहेत. ते विचारायचे, पोरीचा काही निरोप? मी म्हणायचे, नाही. दिवाळीला तू त्यांच्यासाठी धोतरजोडी पाठवलीस ती मी माझ्या भावाने दिली म्हणून सांगितलं. ती ते नेसले. तुझ्या वतीने मी त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांच्या वतीने तुझ्याशी, आणि तुम्ही दोघं माझ्यावर विश्वास ठेवत होतात. झाकली मूठ म्हणत म्हणत मी तुम्हा दोघांचे गळे आवळले.

सगळं ऐकल्यावर अप्पांनी एकच प्रश्न विचारला. "पोरीनं तसं म्हणलंच न्हाई?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई."

थोड्या वेळाने तिसऱ्यांदा विचारलं. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवस झाले, माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. स्वतः भात टाकतात, स्वतः ताट घासतात. मी वाढायला गेले की ताट उचलून अंगणात जातात. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मारायला हवं होतं.

आज सकाळी पूजा झाल्यावर कागद-पेन आणून माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "लिही. माझ्यासमोर लिही. टपालात टाकायचं न्हाई, मी घेऊन जातो." संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलंय. मी म्हटलं, मी पण येते, तिच्या पायावर डोकं ठेवते. तर म्हणाले, "तू न्हाई."

खरं आहे. माझं तिथे काय काम?

माफी मागायला मला तोंड नाही आणि मी मागत नाही. दिपालीला कालच फोनवर सगळं सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. आता मला कुणी विचारलं की लेकी काय म्हणतात, तर खरंच सांगावं लागेल, की मला माहीत नाही.

अप्पांना प्रवासात बीपीची गोळी सकाळी द्यायची असते. पांढरी, अर्धी. पाकीट त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात आहे. हे तुला सांगायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, पण दुसरं कोण सांगणार?

महानंदा


(खाली दुसऱ्या हाताने, बॉलपेनने)

बंगळूर
सोमवार सकाळ

अंबू,

वरचं सगळं मी ऐकलंय. मी तुला येऊ नको म्हणलं न्हाई. तू बी मला तसं म्हणली न्हाईस. एवढंच हाय, बाकी काही न्हाई.

तुझ्या बिल्डिंगच्या वॉचमनला मराठी येत न्हाई, पण माणूस चांगला हाय, कानडीत बोललो. त्याच्याच हाती हे वर पाठवतोय. एकदम समोर आलो तर तुला सोसणार न्हाई म्हणून वर आलो न्हाई. खरं सांगायचं तर मलाच सोसणार न्हाई.

वाचून झाल्यावर राग आला तर राग कर. आज कामाला जायचं असंल तर जा, मागच्या दारानं गेलीस तरी मी बघणार न्हाई. मी खाली खुर्चीवर बसलोय. संध्याकाळपर्यंत बसंन, उद्या बी बसंन.

अप्पा